महाराष्ट्रातलं तिसऱ्या क्रमांकाचं शिखर नेमकं कोणतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्हा पाच जणांना महाराष्ट्रातली सर्वांत उंच दहा शिखरं करायची आहेत. कळसूबाई झालं, साल्हेर झालं आणि तिसऱ्यावर गाडी अडली. शाळेत आणि स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासात सगळ्यांनी पाठ केलेली यादी सांगते: कळसूबाई १६४६, साल्हेर १५६७, महाबळेश्वर १४३८, हरिश्चंद्रगड १४२४, सप्तशृंगी १४१६, तोरणा १४०४. डोंगरात फिरणारे म्हणतात तिसरं घनचक्कर, तर काही जण म्हणतात गवळदेव. त्यात कळसूबाईच्या माथ्यावर तुमच्या फोननं १५८० च्या आसपास उंची दाखवली. मग विश्वास कशावर ठेवायचा?

मी तीस वर्षं कालव्यांच्या आणि रस्त्यांच्या लेव्हल, म्हणजे जमिनीच्या चढउताराची मापं, घेतली. सुट्टीच्या दिवशी तेच काम सह्याद्रीत हौसेनं करत आलो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. तुमच्या एका प्रश्नात तीन प्रश्न आहेत. माथा समुद्रसपाटीपासून किती उंच आहे, हा पहिला. तो माथा स्वतंत्र डोंगर आहे की शेजारच्या डोंगराचा खांदा, हा दुसरा. आणि आपण कोणत्या हद्दीत मोजतोय, हा तिसरा. पहिल्याचं उत्तर उपकरण देतं. दुसऱ्याचं उत्तर आधी आपण नियम ठरवला तरच मिळतं. क्रमवारीवरून होणारे बहुतेक वाद या दुसऱ्या प्रश्नाचे असतात, आणि लोक भांडतात मात्र पहिल्यावरून.

फोनपासून सुरुवात करतो, कारण ते कोडं सरळ सुटतं. उपग्रहावरून मिळणारी उंची समुद्रसपाटीपासूनची नसते. पृथ्वीचा एक गणिती, गुळगुळीत आकार मानलेला असतो, एलिप्सॉइड, आणि उंची त्याच्यापासून मिळते. खरी समुद्रसपाटी गुरुत्वाकर्षणामुळे त्या आकाराच्या वरखाली होत असते. भारताच्या दक्षिणेला हिंदी महासागरात ती एलिप्सॉइडपेक्षा शंभर मीटरहून जास्त खाली आहे आणि हा जगातला सर्वांत मोठा खड्डा आहे. त्याच्या उतारावर आपला महाराष्ट्रही येतो. आपल्याकडे हा फरक साठ मीटरच्या पुढे जातो. काही अॅप ही दुरुस्ती करून उंची दाखवतात, काही करत नाहीत. तुमच्या अॅपनं केली नव्हती. १५८० मध्ये साठ-पासष्ट मिळवून बघा, १६४६ च्या जवळ येता की नाही. फोन बिघडलेला नव्हता, त्यानं वेगळ्या शून्यापासून मोजलं इतकंच.

घड्याळातल्या बॅरोमीटरची गोष्ट वेगळी. ते हवेचा दाब मोजतं, आणि दाब बदलला की डोंगर जागेवर असूनही उंची बदलते. आपल्या अक्षांशांवर दाबाला रोजची भरती-ओहोटी असते: सकाळी दहाच्या सुमारास तो सर्वांत जास्त, दुपारी चारच्या सुमारास सर्वांत कमी. फरक तीन-चार मिलिबारचा. दीड हजार मीटर उंचीवर एक मिलिबार म्हणजे साधारण साडेनऊ मीटर. एकदा कुलंग गडावर टाक्यांच्या काठी आम्ही दिवसभर थांबलो होतो. सकाळी दहाला खडकावर काढून ठेवलेलं घड्याळ १४४९ दाखवत होतं. चारला मी ते उचललं तेव्हा १४७७. अठ्ठावीस मीटर, आणि घड्याळ तसूभर हललेलं नव्हतं. त्या आधीच्या वर्षी याच घड्याळाच्या जोरावर मी दोन माथ्यांचा क्रम उलटा लावून मित्रांना सांगितला होता. एक माथा सकाळी मोजला होता, दुसरा दुपारी. तेव्हापासून वेळ लिहिलेली नसेल तर बॅरोमीटरचा आकडा मी वहीत घेतच नाही.

तिसरं साधन म्हणजे उपग्रहीय उंचीचे नकाशे, ज्यांवरून हल्ली बहुतेक याद्या तयार होतात. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर अवकाशयानानं रडारनं जगाचा मोठा भाग मोजला. ती माहिती साधारण तीस मीटरच्या चौकटींत आहे, आणि प्रत्येक चौकटीला एकच उंची. हिमालयातल्या रुंद पठाराला किंवा दख्खनच्या माळाला हे चालून जातं. मदनगडासारख्या अरुंद, कातीव माथ्याला नाही. चौकटीत माथाही येतो आणि शेजारचा कडाही, सरासरी निघते आणि माथा ठेंगणा दिसतो. चिंचोळ्या खिंडीचं याच्या उलट होतं. दोन्ही बाजूंचे कडे त्याच चौकटीत आल्यानं खिंड खऱ्यापेक्षा उंच दिसते. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

शिवाय माथा म्हणजे नेमकी कोणती जागा? कळसूबाईच्या शेंड्यावर देवीचं देऊळ आहे. उंची मोजायची ती देवळाच्या कळसाची नाही, देऊळ ज्या खडकावर उभं आहे त्याची. एव्हरेस्टलाही हा प्रश्न पडलेला आहे. २००५ साली चीननं जाहीर केलेले ८८४४.४३ मीटर हे खडकाच्या माथ्याचे होते. २०२० मध्ये नेपाळ आणि चीननं मिळून जाहीर केलेले ८८४८.८६ मीटर बर्फासकट आहेत. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर. सर्वेक्षण विभागातले गणितज्ञ राधानाथ सिकदर यांनी मैदानातल्या दूरच्या ठाण्यांवरून घेतलेल्या कोनांवरून, हवेतून येताना प्रकाश वाकतो त्याचा हिशोब करत, २९,००२ फूट हा आकडा काढला आणि १८५६ मध्ये तो जाहीर झाला. आजच्या आकड्याशी ताडून पाहिलं की मला दर वेळी त्या माणसापुढे हात जोडावेसे वाटतात.

आता मुख्य गोष्ट. उंचीचे अचूक आकडे हातात आले तरी यादी होत नाही. हरिश्चंद्रगडावर तारामती आहे, रोहिदास आहे, हरिश्चंद्र शिखर आहे. एक डोंगर धरायचा की तीन? साल्हेरला लागून सालोटा आहे. अलंग, मदन, कुलंग एका रांगेत खांद्याला खांदा लावून उभे आहेत. प्रत्येक उंचवटा मोजायचा म्हटलं तर कळसूबाईच्या वाटेवरचा एखादा दगडही वरच्या क्रमांकावर येईल. म्हणून जगभर प्रॉमिनन्स वापरतात. मी त्याला उठाव म्हणतो.

उठाव असा काढायचा. शिखरावरून निघा आणि त्याच्याहून उंच असलेल्या कोणत्याही जमिनीवर पोचा. वाट अशी निवडा की मध्ये कमीत कमी खाली उतरावं लागेल. त्या वाटेवरची सर्वांत खालची जागा ही त्या शिखराची खिंड. शिखराच्या उंचीतून खिंडीची उंची वजा केली की उठाव मिळतो. धरणावर काम केलेल्याला दुसऱ्या तऱ्हेनं पटकन कळतं: पाणी चढवत न्या, आणि आपला डोंगर त्याच्याहून उंच डोंगरापासून तुटून बेट होईल त्या क्षणी थांबा. पाण्याच्या वर जेवढा डोंगर उरला तेवढा त्याचा उठाव.

राजगड-तोरणा केला असेल तर हे तुमच्या पायांनी आधीच मोजलेलं आहे. संजीवनी माचीवरून उतरलात, धारेवरून चालत राहिलात, धार उतरत उतरत सर्वांत खाली आली आणि तिथून बुधला माचीकडे चढ लागला. तोरणा राजगडाहून उंच. म्हणून ती सर्वांत खालची जागा राजगडाची खिंड, आणि तिथून बालेकिल्ल्यापर्यंत जेवढा चढ तेवढा राजगडाचा उठाव. तोरण्याची खिंड मात्र ती नव्हे. राजगड त्याच्याहून ठेंगणा असल्यानं तोरण्याला आपल्याहून उंच जमीन दुसरीकडे शोधावी लागते. खिंड दोघांच्या मध्ये असली तरी हिशोब एकाचाच होतो, आणि नवख्यांचा गोंधळ हमखास इथे होतो.

खिंड शोधताना एक नियम कधी फसवत नाही: ती वाट नदी ओलांडत नाही. कमीत कमी उतरायचं म्हटल्यावर दरीत उतरून पलीकडे चढणं आलंच नाही. वाट पाणलोटाच्या रेषेवरूनच जाते. कळसूबाईहून उंच जमीन महाराष्ट्रात नाही, ती कर्नाटकात मुळ्ळय्यनगिरी-कुद्रेमुखाकडे आहे. पूर्वेकडून पठारावरून सरळ रेघ मारली तर प्रवरा, भीमा, कृष्णा आडव्या येतात. म्हणून सह्याद्रीच्या मुख्य धारेनं, दोन समुद्रांकडे पाणी वाटणाऱ्या रेषेनंच, दक्षिणेला जावं लागतं. नकाशा उघडून बोटानं ही रेघ ओढून पाहा. एका संध्याकाळचं काम आहे आणि त्यात सह्याद्री जितका समजतो तितका दहा ट्रेकमध्ये समजत नाही.

उंची आणि उठाव किती वेगळी चित्रं दाखवतात ते मोठ्या डोंगरांवर स्पष्ट दिसतं. ल्होत्से ८५१६ मीटर, उंचीत जगात चौथा. पण एव्हरेस्टपासून त्याला वेगळं करणारी साउथ कोलची खिंड इतकी उंचावर आहे की त्याचा उठाव जेमतेम ६१० मीटर. केरळातलं अनाईमुडी २६९५ मीटर, म्हणजे ल्होत्सेच्या तिसऱ्या हिश्श्याएवढंही नाही. पण हिमालयापर्यंत त्याच्याहून उंच काहीच नसल्यानं त्याचा उठाव २४७९ मीटर. निलगिरीतलं दोड्डाबेट्टा २६३७ मीटर, अनाईमुडीहून फक्त ५८ मीटर कमी. तरी दोघांच्या मध्ये पालघाटची खिंड इतकी खोल पडली आहे की त्याचाही उठाव दोन हजारांच्या वर जातो. आणि यालुंग कांगचं उदाहरण नेहमी सांगावंसं वाटतं. ८५०५ मीटर, मकालूच्या ८४८५ पेक्षा उंच. तरी आठ हजारी चौदा शिखरांत मकालू आहे आणि यालुंग कांग नाही. कारण ते कांचनगंगेचाच भाग धरलं जातं.

मग किती उठाव असला की डोंगर स्वतंत्र मानायचा? याला जगात एक उत्तर नाही, प्रदेशागणिक बदलतं. आल्प्समधल्या चार हजार मीटरवरच्या ८२ शिखरांच्या यादीत मुख्य निकष ३० मीटरचा आहे. ब्रिटनमध्ये १५० मीटर उठावाच्या टेकड्यांची वेगळी यादी आहे, त्यांना मेरिलिन म्हणतात. स्कॉटलंडमधली मन्रोंची यादी १८९१ पासूनची. तिथे ३००० फुटांची अट पक्की, पण वेगळेपणा ठरवायला आकडा नाही, जाणकारांचा निर्णय. जगभरच्या मोठ्या डोंगरांसाठी १५०० मीटर उठाव धरतात.

सह्याद्रीसाठी मी १०० मीटर धरतो. कारण सांगतो. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० टोपोशीटवर (उंची दाखवणाऱ्या तपशीलवार नकाशावर) समोच्च रेषा वीस-वीस मीटरवर असतात. खिंडीची उंची लिहिलेली नसेल तर ती दोन रेषांच्या मध्ये कुठेतरी आहे एवढंच कळतं, म्हणजे वीस मीटरची ढिलाई आधीच आली. ३० मीटरचा निकष लावला तर निम्मे निकाल या ढिलाईतच अडकतील आणि हरिश्चंद्रगडावरचा प्रत्येक उंचवटा दारात येऊन उभा राहील. उलट ३०० धरलं तर साल्हेरच्या शेजारच्या सालोट्यासारखे, ज्यांना तळापासून वेगळं चढावं लागतं असे डोंगरही गळण्याची भीती. शंभर मीटर उतरून पुन्हा शंभर मीटर चढलेला माणूस ‘तोच डोंगर’ म्हणत नाही, एवढी साधी कसोटी मी लावतो. तुमच्या गटाला १५० पटलं तर १५० धरा. फक्त मोजायला लागण्याआधी ठरवा. आवडता गड बसतो की नाही ते बघून नियम ठरवलात तर यादीला अर्थ उरणार नाही.

आता शाळेतल्या यादीकडे या. घनचक्कर आणि गवळदेव हे अकोले तालुक्यात, मुळा आणि प्रवरेच्या खोऱ्यांमधल्या रांगेवर. दोघांच्याही उंचीचे प्रचलित आकडे १५२० ते १५३० च्या घरातले. अलंग, मदन, कुलंग १४७० च्या आगेमागे. धोडप १४५० च्या पुढे. हे सगळे महाबळेश्वरच्या १४३८ हून उंच, आणि त्या यादीत यांतला एकही नाही. ती यादी खोटी आहे असं मी म्हणणार नाही, आकडे आपापल्या जागी ठीक आहेत. ती ठळक ठिकाणांच्या उंचीची यादी आहे, आणि पुढे कुणीतरी तिला क्रमांक जोडले. म्हणून तिसरा क्रमांक महाबळेश्वरचा, हे उत्तर परीक्षेत लिहा, पण पाठीवर पिशवी टाकून निघताना विसरा.

महाबळेश्वरबद्दल मात्र एक अन्याय होऊ नये. गाडीनं विल्सन पॉइंटवर जाणाऱ्याला तो डोंगर वाटतच नाही, आणि ट्रेकर त्याला नाक मुरडतात. उठाव बघितला तर चित्र पालटतं. त्याच्याहून उंच जमीन उत्तरेला नाशिक-नगरकडे. तिकडे जाताना पाणलोटाची रेषा मुळशी-लोणावळ्याच्या टापूत सहाशे-साडेसहाशे मीटरपर्यंत खाली येते. म्हणजे महाबळेश्वरचा उठाव सातशे-आठशेच्या घरात जातो, आणि उंचीत त्याच्या वर असलेल्या मदन-कुलंगसारख्या शेजाऱ्याला चिकटलेल्या शिखरांना तो उठावात सहज मागे टाकतो. उठाव डोंगराचा देखणेपणा किंवा अवघडपणा मोजत नाही, तो फक्त स्वतंत्रपणा मोजतो. सपाट पठारही स्वतंत्र असू शकतं.

तिसरं घनचक्कर की गवळदेव? दहा-पंधरा मीटरचा फरक फोन, घड्याळ किंवा तीस मीटरच्या चौकटी यांनी ठरत नाही. पण तो ठरवायला समुद्रसपाटी लागतच नाही. एका माथ्यावर लेव्हल, म्हणजे नजर अगदी आडवी ठेवणारी दुर्बीण, लावायची आणि दुसऱ्याकडे पाहायचं. दुर्बिणीची आडवी तार दुसऱ्या माथ्याच्या वरून गेली तर तो ठेंगणा, खालून गेली तर तो उंच. ऑटो लेव्हल आणि तिकाटणं वाहून नेणं जड वाटत असेल तर हातात मावणारी अॅबनी लेव्हलही पुष्कळ सांगते, पण फरक मोठा असेल तेव्हाच. पृथ्वीच्या गोलाईमुळे लांबचा माथा किंचित खाली दिसतो. अंतर किलोमीटरमध्ये घ्या, त्याचा वर्ग करा, ०.०६७ नं गुणा: तेवढे मीटर त्याच्या उंचीत मिळवा. हवेतून प्रकाश वाकतो त्याचीही दुरुस्ती यात आलेली आहे. तीन किलोमीटरला हे दोन फूट होतं, दहा किलोमीटरला जवळजवळ सात मीटर. मग दुसऱ्या माथ्यावर जाऊन उलट दिशेनं पुन्हा पाहायचं. दोन्हीकडून एकच उत्तर आलं की क्रम पक्का. हे हिवाळ्यात सकाळी करा. उन्हं तापली की तारेखाली माथा थरथरायला लागतो आणि डोळा हवं ते बघतो.

उठावाच्या बाबतीत तर हौशी माणसाचं नशीब जोरावर आहे. उठाव ही दोन उंचींमधली वजाबाकी. शिखर आणि खिंड जवळजवळ असतील तर एलिप्सॉइडचा साठ-पासष्ट मीटरचा फरक दोघांनाही सारखाच लागतो आणि वजाबाकीत उडून जातो. म्हणजे ज्या फोननं तुम्हाला कळसूबाईची उंची चुकीची वाटावी अशी दाखवली, तोच फोन उठाव बऱ्यापैकी काढून देईल. माथ्यावर आणि खिंडीत प्रत्येकी पंधरा-वीस मिनिटं एका जागी ठेवा, आकडे लिहीत राहा, सरासरी घ्या. बॅरोमीटर वापरत असाल तर खिंड, माथा, पुन्हा खिंड असा फेरा करा आणि खिंडीतल्या दोन आकड्यांत जो फरक पडेल तो वेळेच्या प्रमाणात वाटून द्या. जमलं तर दुसरं घड्याळ खिंडीत सोबत्याजवळ ठेवा आणि त्याला दर दहा मिनिटांनी आकडा लिहायला सांगा. उपग्रहीय नकाशा माथा ठेंगणा आणि खिंड उंच दाखवतो हे मघाशी सांगितलं. दोन्ही चुका उठाव कमी करणाऱ्या आहेत. त्यामुळे नकाशावरून ८५-९० मीटर आलेला डोंगर यादीतून लगेच काढू नका, तिथे स्वतः जाऊन मोजा.

हद्दीचा प्रश्न थोडक्यात. कळसूबाई नाशिक आणि अहिल्यानगर या दोन जिल्ह्यांच्या सीमेवर आहे. नाशिकचं सर्वोच्च शिखर विचारलं तर कुणी कळसूबाई सांगेल, कुणी साल्हेर, आणि सीमेवरचा माथा धरायचा की नाही यावर दोघंही बरोबर. देशालाही हाच पेच आहे: कांचनगंगा ८५८६ मीटर, पण नेपाळच्या सीमेवर, पूर्णपणे आपल्या हद्दीतलं घ्यायचं तर नंदादेवी ७८१६. मी सीमेवरचे माथे दोन्हीकडे धरतो आणि शेजारी तशी खूण करतो. उठाव मोजताना मात्र राज्याची सीमा मध्ये आणू नका. खिंड कर्नाटकात निघाली तर कर्नाटकातली घ्या.

तुमच्या दहांसाठी माझा सल्ला असा. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या संकेतस्थळावरून टोपोशीट फुकट उतरवता येतात. अकोले-इगतपुरी आणि बागलाण-कळवण या दोन टापूंच्या घ्या, कारण तुमचे बहुतेक उमेदवार तिथेच आहेत. १४०० वरचा प्रत्येक माथा वहीत उतरवा आणि पुढे पाच रकाने करा: माथ्याची उंची, खिंडीची वरची मर्यादा, खिंडीची खालची मर्यादा, उठाव, आणि तो कशावरून काढला. खालची मर्यादा धरूनही उठाव शंभर भरत नसेल तो माथा बाद. वरची मर्यादा धरूनही भरत असेल तो पक्का. मधल्यांची वेगळी यादी करा, तुमच्या हिवाळ्यातल्या मोहिमा त्यांतून निघतील. सुरुवात अलंग-मदन-कुलंगपासून करा. तिन्ही माथे एकमेकांना दिसतात, लेव्हलनं आपसांतला क्रम एका मुक्कामात लागतो, आणि मधल्या दोन्ही खिंडी वाटेवरच आहेत. मदनवर जाताना दोर लागतो, तेव्हा उपकरण नीट बांधून घ्या आणि सोबत वाटा माहीत असलेला गावातला माणूस असू द्या.